पुणे ते दिल्ली, दोन तास दहा मिनिटं

लेकीचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. तिला आठवा महिना लागला होता. जावयाच्या नोकरीमुळे ती दिल्लीला असते आणि बाळंतपण तिकडेच करायचं हे त्या दोघांनी आधीच ठरवलं होतं.

"आई, तू तर येणारच," ती म्हणाली, "पण मला दोन्ही आज्ज्या पाहिजेत. एक आली आणि एक नाही, असं चालणार नाही."

मी म्हटलं, "बाळा, ते काही जमायचं नाही."

"का? त्यांना काय चालत यायचंय?"

चालत यायचं असतं तर माझी आई नक्की निघाली असती. अडचण वेगळीच होती. माझी आई आणि माझ्या सासूबाई सव्वीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या साताऱ्यात आमच्याबरोबर राहतात. आई शिराळ्याच्या पुढे आमच्या गावी, भावाकडे. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. पेठ नाक्याला, कऱ्हाडला एसटी बदलत गेलं तरी साडेतीन तासांत माणूस पोचतं. पण सव्वीस वर्षांत आई आमच्या साताऱ्याच्या घरची पायरी चढली नाही. लेकीचं लग्न आम्ही कऱ्हाडच्या कार्यालयात केलं. लोकांना वाटलं, दोन्हीकडच्या पाहुण्यांची सोय बघितली. खरं तर दोघींपैकी एकीलाही दुसरीच्या गावात पाऊल टाकायचं नव्हतं. लग्नात त्या मांडवाच्या दोन टोकांना बसल्या, अक्षता टाकल्या, जेवल्या आणि आपापल्या गाडीनं गेल्या.

हे कशावरून झालं ते सांगायला हवं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात नागपंचमी आली. पंचमीला माहेरी जायचं म्हणून मी हट्ट धरला, आत्याबाईंनी पाठवलं, मी एसटीनं गेले. चार दिवस राहून परत आले आणि आठवड्याच्या आत पोटातली हालचाल थांबली. ते बाळ गेलं. मुलगा होता. त्याबद्दल आमच्या दोन्ही घरांत त्यानंतर कुणी अवाक्षर काढलं नाही. मला वाटायचं, मला त्रास होऊ नये म्हणून काढत नाहीत.

दीड वर्षानं पुन्हा दिवस राहिले. पुन्हा सातवाच महिना होता आणि एका सकाळी दहाच्या सुमाराला गावाहून फोन आला की माझे वडील गेले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते ऊस बघत होते. त्या सकाळी शेतात पाणी पाजताना छातीत कळ आली आणि बांधावरच संपले. फोन आत्याबाईंनी घेतला. मी माडीवर झोपले होते. मला त्या दिवशी कुणी काहीच सांगितलं नाही. माझा नवरा जीप करून एकटाच गेला. मला आत्याबाईंनी सांगितलं, बँकेच्या कामाला कोल्हापूरला गेलाय.

गावाकडे आईनं वडिलांना न्यायचं थांबवून धरलं होतं. लेक येईल, तोंड बघेल, मग न्या म्हणत होती. दुपार कलली, सगळे घाई करायला लागले. तेवढ्यात जीप आली. आई धावत जीपपाशी गेली. आत जावई एकटाच. "ती कुठं हाय?" आईनं विचारलं. नवरा म्हणाला, "आणली नाही. आईनं येऊ दिलं नाही." हे मला पुढे भावानं सांगितलं. नवऱ्याचं तेवढं एकच वाक्य आईच्या डोक्यात बसलं.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी आत्याबाईंवर चिडले का? चिडले. वर्षभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पण लेक झाली, मला शाळेत नोकरी लागली, आणि लेकीचं न्हाऊमाखू, शाळेची रिक्षा, तापात रात्र-रात्र जागणं, सगळं आत्याबाईंनी केलं. एवढं करणाऱ्या बाईवर किती दिवस चिडून राहणार? माझा राग झिजला. आईचा झिजला नाही. ती लांब होती, तिला रोज त्यांच्या हातचा चहा प्यावा लागत नव्हता.

तर आता ह्या दोघींना दिल्लीला न्यायचं होतं. रेल्वेनं दीड दिवस लागतो. दीड दिवस ह्या दोघी समोरासमोर बर्थवर, ही कल्पनाच मला सोसेना. लेकीनंच मार्ग काढला. तिनं आजीला गावाकडे फोन लावला.

"आज्जे, पुण्यातून विमानानं किती वेळ लागतो माहितीये का? दोन तास दहा मिनिटं."

"आन् आंतर किती म्हणलीस?"

"रस्त्यानं चौदाशे-पंधराशे किलोमीटर."

"आगं बया! आन् दोनच तास?"

"दोन तास दहा मिनिटं. तेवढा वेळ तोंड मिटून बसायचं त्यांच्या शेजारी. मग इथं आलीस की मी आहे."

आई म्हणाली म्हणे, "बसंन. पर बोलणार न्हाई."

आत्याबाईंना मी विचारलं तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "त्या येणार असतील तर माझी हरकत नाही. त्यांनाच विचार, मी चालेन का."

आईला भाच्यानं परस्पर पुण्याच्या विमानतळावर आणून सोडलं. आम्ही साताऱ्याहून गेलो. दारातच भेट झाली. आईनं नवी इरकली नेसली होती, खांद्याला कापडी पिशवी. आम्हाला पोचवायला आलेला नवरा वाकून पाया पडला, आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आत्याबाई गुडघ्यांमुळे व्हीलचेअरवर होत्या. त्यांनी हात जोडले. आईनंही जोडले, पण नजर विमानतळाच्या पाटीकडे.

आत तपासणीत आईची पिशवी अडकली. पानाच्या चंचीत अडकित्ता होता. तपासणीची बाई तो बाजूला काढून ठेवायला लागली तशी आई घाबरली.

"आवं बाई, त्येनं मी कुणाचा गळा कापत्ये काय? सुपारी कातरायचा हाय त्यो!"

त्या बाईला मराठी कळेना. मी माझा पट्टा, पर्स गोळा करण्यात गुंतले होते. तेवढ्यात मागून व्हीलचेअरमधून आत्याबाईंचा आवाज आला, "अहो मॅडम, ये हमारी विहीण हैं. बुजुर्ग औरत हैं. इनको पान लगता है. ये कातर नहीं है, अडकित्ता है अडकित्ता!"

अडकित्ता काही मिळाला नाही. पण आईनं वळून आत्याबाईंकडे एकदा बघितलं.

विमानात आईला खिडकी दिली. आत्याबाईंना गुडघा लांब करता यावा म्हणून कडेची जागा. मधल्या सीटवर मी. विमान वर उठलं तेव्हा आईनं डोळे मिटून घेतले आणि ढगांच्या वर आल्यावर उघडले. मग बराच वेळ ती खाली बघत राहिली. "सगळी शेतं चादरीच्या ठिगळांवाणी दिसत्यात," म्हणाली. हे मला. आत्याबाईंनी डबा उघडला, मला धपाटं दिलं. लगेच आईनं पिशवीतून फडकं सोडलं, मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मी दोन्ही खाल्लं. डाव्या बाजूनं आई बघत होती, उजव्या बाजूनं आत्याबाई. पावणेदोन तास असेच गेले आणि मला वाटलं, निभावलं.

मग वैमानिकानं सांगितलं की सकाळच्या धुक्यानं दिल्लीत विमानांची गर्दी झाली आहे, उतरायला अर्धा-पाऊण तास थांबावं लागेल.

"काय म्हंतोय त्यो?" आईनं विचारलं.

"खाली जागा नाही. थोडा वेळ वरच घिरट्या घालणार आहे."

"जागा न्हाई? मग तिकिटं कशाला दिली?"

विमान एका अंगावर कललं आणि वळायला लागलं. मधेच दोन-तीन जोराचे हिसके बसले. आत्याबाईंनी माझं मनगट पकडलं. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक काही तरी म्हणत होत्या मनात. आईनं ते पाहिलं. माझ्या पुढून वाकून ती म्हणाली, "भ्याला व्हय?"

सव्वीस वर्षांनी ते पहिले शब्द.

"हो," आत्याबाई म्हणाल्या.

"भ्यायचं न्हाई. आमचं हे फौजेच्या विमानानं लेहला जायाचे. ते सांगायचे, विमान हाललं म्हंजी पडत न्हाई. बैलगाडी बी हालतीच की."

खाली नुसता पांढरा धूर दिसत होता. मग आत्याबाई बोलल्या, माझ्याकडे न बघता, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत.

"त्यांचं नाव निघालंय म्हणून बोलते, विहीणबाई. त्या दिवशी जीप दारात उभी होती. मुलगा म्हणत होता, हिला न्यायचंच. मी दारात आडवी उभी राहिले."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. आवाज एकदम कोरडा. "जावयानं तवाच सांगितलं."

"का उभी राहिले ते त्यानं नाही सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पहिल्या खेपेला, ते बाळ गेलं ना, त्याच्या आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. एसटीचा प्रवास नको म्हणून. मी म्हटलं, पंचमी आहे, पोर माहेरची वाट बघतेय, डॉक्टर काय, उगाच घाबरवतात. हिला सांगितलंच नाही मी. पाठवून दिली. आणि मग ते असं झालं. दुसऱ्या खेपेला तुमच्याकडचा फोन आला तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. मनात म्हटलं, एक मी मारलं, हे मारू द्यायचं नाही. मग हिचे वडील असोत नाही तर कुणी असो."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, आता ही खिडकीकडे तोंड करणार आणि ते कायमचंच.

"तुमी न्हाई मारलं," आई शेवटी म्हणाली. "मी मारलं."

"म्हणजे?"

"पंचमीला झोका बांधला हुता आमच्या चिंचंला. ही बसायची न्हाई म्हणत हुती. मीच म्हणलं, बस गं, दोन झोकं घे, लेकीची जात, परत कवा येशील. मी सोता धक्का दिला. लय वर गेला झोका. ही गेल्यावर चार दिसांनी तुमचा निरोप आला. तवापासून त्या चिंचंला मी झोका बांधू दिला न्हाई. कुणाला सांगितलं बी न्हाई, का त्ये."

आत्याबाईंनी माझ्या मनगटावरचा हात सोडला.

त्या वेळी मला माझं सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "दोघींनीही नाही. लेक झाल्यावर दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझे जुने कागद बघून मला सांगितलं होतं. पहिल्या बाळाच्या नाळेला गाठ बसली होती. कागदावर तसं लिहिलेलंही होतं. त्या म्हणाल्या, तू घरात पलंगावर पडून राहिली असतीस तरी ते वाचलं नसतं."

"कवा सांगितलं?" आई म्हणाली.

"तेव्हाच. सव्वीस वर्षांपूर्वी."

"आन् तू बोलली न्हाईस?"

पहिल्या बाळाचा विषयच कुणी काढत नव्हतं हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. मला ते कळलं त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, म्हणजे आत्याबाईंनी मला वडिलांच्या तोंडाला मुकवलं ते फुकटच. मी ते सांगितलं असतं तर तो राग मला कायमचा धरावा लागला असता, आणि तेव्हा माझ्याजवळ तान्हं पोर होतं आणि त्याला आंघोळ घालायला आत्याबाईंशिवाय दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मी ते गिळून टाकलं. ह्या दोघीही काही गिळून बसल्या असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं, अडखळत, तुटक तुटक.

आत्याबाईंनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मी हिला उगाच अडवलं?"

उत्तर दिलं आईनं. तिच्या सव्वीस वर्षांच्या रागाला अखेर हाच तर पुरावा हवा होता. तो हातात आला होता आणि तिनं तो वापरला नाही.

"उगाच कसं म्हंता?" ती म्हणाली. "आपल्याला काय ठावं हुतं तवा? माझ्या दारात जीप उभी आसती आन् मला ते डाक्टरचं माहीत आसतं, तर मी बी आडवीच झाले आसते." आणि पुढं म्हणाली, "पर तुमी एक चिठ्ठी धाडायची हुती मला. दोन वळी. म्या वाचून घेतल्या आसत्या कुणाकडनं."

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "चुकलं."

"व्हय. ते चुकलं."

विमान उतरायला लागलं तेव्हा दोन तास दहा मिनिटांच्या जागी जवळजवळ तीन तास झाले होते. चाकं टेकताना मोठा धक्का बसला आणि माझ्या मांडीवरून पलीकडे जाऊन आईनं आत्याबाईंचं कोपर धरलं. दारातून बाहेर येताना हवाई सुंदरीनं उशिराबद्दल माफी मागितली. आत्याबाई तिला मराठीतच म्हणाल्या, "असू दे गं बाई."

ह्यानंतर दोघी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या असं म्हणाले तर ते खोटं होईल. आम्ही पोचल्यावर बाराव्या दिवशी लेकीला मुलगी झाली आणि दिल्लीच्या त्या दोन खोल्यांत भांडणाला काही कमी पडलं नाही. आईला बाळाची आंघोळ कढत पाण्यानं हवी, आत्याबाईंना कोमट. आईला बाळंतिणीला बाजरी द्यायची, आत्याबाई म्हणायच्या थंडीत गहूच बरा. एकदा आई रुसून गॅलरीत जाऊन बसली आणि तिथून ओरडली, "साताऱ्याच्या लोकांना काय कळतंय!" पण आता हे भांडण बोलून व्हायचं. दुपारपर्यंत संपायचं.

दिल्लीला थंडी कडक होती, पण दुपारी दोन तास गॅलरीत चांगलं ऊन यायचं. बाळ पंधरा दिवसांचं झालं तेव्हाची एक दुपार. लेक आत झोपली होती. आई गव्हातले खडे काढत होती, आत्याबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी आईला विचारलं, "आई, दादा त्या दिवशी कसे दिसत होते?"

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. विचारला असता तर तिचा राग उफाळला असता ही एक भीती, आणि दुसरी, उत्तर ऐकायची.

आईचा हात परातीतच राहिला.

"त्या दिशी दाढी केली नव्हती त्येंनी," ती म्हणाली. "म्हणलं, आधी दाढी करा, मग जावा. तर म्हणाले, पाणी सोडून येतो, मग करतो. आणलं तवा गालावर पांढरी खुटं. मग तुझा चुलता म्हणला, फौजी माणूस, असा न्हाई पाठवायचा. त्येनं केली दाढी. पाण्यात फडकं बुडवून, हळूहळू. एकदा बी लागलं न्हाई. मिशी कोरली. तुला ठावं हाय, ती कशी कोरायचे."

"तोंडावर काही त्रास दिसत होता?"

"न्हाई. दुपारचं जेवून बांधावर डोळा लागायचा न्हाई का, तसंच. मी तर दोनदा हाक मारली." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तू यायची म्हणून तोंड उघडंच ठिवलं हुतं मी. ऊन लागाय लागलं म्हणून तुझी जुनी ओढणी घरात हुती, ती वर धरली दोघी बायांनी. निळी. ती मग त्येंच्याबरुबरच गेली."

ती ओढणी मला आठवत होती. कॉलेजात असताना घेतलेली. मी रडले, पण ते रडणं विमानातल्यासारखं नव्हतं. दादांना मी शेवटचं बघितलं नव्हतं, आणि आता थोडं बघितल्यासारखं झालं होतं.

आत्याबाई बाळाला थोपटत ऐकत होत्या. बाळ झोपलं होतं तरी त्यांचा हात थांबला नव्हता.

"आणि शेतातलं पाणी?" त्यांनी विचारलं. "ते तसंच चालू राहिलं असेल की हो."

आई त्यांच्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नसावं.

"राहिलं की," ती म्हणाली. "संध्याकाळपत्तूर वाहत हुतं. निम्म्या उसात तळं, निम्मा कोरडा. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. तिसऱ्या दिशी मीच गेले मग. फावडं घेतलं आन् राहिलेल्या सऱ्या भिजवून आले."